झिपरीच्या ऑपरेशनची तारीख

चिखली,
ता. ३ एप्रिल २०२५

चि. सौ. छाया हिला सत्यभामामावशीचे आशीर्वाद.

जेवण झालं नसेल तर आधी जेवून घे, मग हे वाच.

तुझ्या सासूनं काल फोनवर मला बजावलं, की गेट उघडं राहिलं आणि झिपरी पळून गेली, असं तुला सांगायचं. मी ते सांगणार नाही, म्हणून लिहिते आहे. झिपरी पळाली नाही. मंगळवारी सकाळी ती दवाखान्यात मेली. गर्भाशयात पू झाला होता.

आठवा महिना असलेल्या मुलीला असं लिहू नये, हे मला कळतं. पण घरातली माणसं तुला पाहून हळू आवाजात बोलू लागली की तू काय समजशील, तेही कळतं. तू समजशील की तुझ्या पोटापायी कुत्री गेली. तसं नाही. कसं, ते सांगते.

इकडे ऊन वाढलं आहे. नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं. माझा गुडघा आहे तसाच आहे.

संक्रांतीनंतर तू झिपरीला नांदुऱ्याहून माझ्याकडे पाठवलंस तेव्हा तिचा माज नुकताच ओसरला होता. दर वेळी गल्लीतले कुत्रे फाटकाशी ठाण मांडतात, तिला कोंडून ठेवावं लागतं, म्हणून एकदाचं ऑपरेशन करून टाकायचं तू ठरवलं होतंस. पोटुशी बाई असलेल्या घरातलं जनावर कापायचं नाही, असं तुझ्या सासूचं, विमलचं म्हणणं. ती माझी धाकटी बहीण, त्यामुळं मी तिला सोडलं नाही.

"नोकरीभर शाळेत बेडूक कापले मी," मी म्हटलं. "तेवढ्या वर्षांत स्टाफरूममधल्या किती बाया बाळंत झाल्या!"

"बेडूक काय घरचा असते, ताई? त्याले भाकर घालत होती का तू? झिपरी आमच्या घरची हाय. नांदुऱ्यात कापली काय अन् चिखलीत कापली काय!"

"बरं, मग तिला सांग, छाया मोकळी होईस्तोवर माजावर येऊ नकोस म्हणून."

"तुह्यासंग बोलनंच बेकार हाय," म्हणून तिनं फोन ठेवला. मी हसले होते, छाया.

इथले जनावरांचे डॉक्टर अश्वजित म्हणजे माझाच विद्यार्थी. तो म्हणाला, माज सरल्याबरोबर नको, रक्त जास्त जातं, दोनेक महिने थांबू. मी त्याला सगळं खोदून विचारलं. लहानपणी झालं असतं तर पुढे स्तनात गाठी होण्याचा धोका बराच कमी झाला असता. पाचव्या वर्षी तो फायदा थोडाच. मोठ्या अंगाच्या कुत्र्यांना हाडं भरेपर्यंत थांबवतात, पण झिपरी लहान चणीची, तिला ते कारण नव्हतं. ऑपरेशननंतर वजन वाढतं, खाणं मोजून द्यावं लागतं. एखादीला पुढे झोपेत लघवी होते.

"आणि नाहीच केलं तर?" मी विचारलं.

"वय वाढलं की माजानंतर पिशवीत पू व्हायची भीती असते, मॅडम. तो झाला की मग तारीख आपल्या हातात राहत नाही."

मला पटलं. मार्चमधली तारीख घेतली.

त्या सकाळी झिपरीला उपाशी ठेवून रिक्षानं नेलं. कंपाउंडरनं तिला टेबलावर उताणं धरलं. अश्वजितनं सहीसाठी कागद पुढे केला आणि मी म्हणाले, "थांब. हिनं सकाळी पोळी खाल्ली आहे, माझी नजर चुकवून."

तिनं काही खाल्लं नव्हतं. भरल्या पोटी भूल देत नाहीत, हे ठाऊक असल्यामुळं मी नेमकं तेच खोटं बोलले. तो म्हणाला, काही हरकत नाही मॅडम, उद्या आणा. मी उद्या नेली नाही, परवाही नाही. त्याचा फोन आला की पाहुणे आहेत म्हणायचे. डॉक्टरांनीच तारीख पुढे ढकलली, असं मी तुला सांगितलं, तेही खोटं होतं.

का, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. विमललाही अर्धंच माहीत आहे.

माझं सासर लोणारजवळच्या खेड्यातलं. मी नवी सून, बी.एस्सी. झालेली. घरात एक गोऱ्हा होता, जुंपायच्या वयाचा, अंगावर धावून यायचा. त्याला खच्ची करायचं होतं. मला सातवा महिना. सासरे म्हणाले, सूनबाई मोकळी होऊ द्या, मग पाहू. मीच म्हटलं, माझ्या पोटाचा आणि गोऱ्ह्याचा काय संबंध? उशीर केला तर कोणाला तरी शिंगावर घेईल. त्यांनी माझं ऐकलं. चिमटा घेऊन माणूस आला, अंगणात गोऱ्हा पाडला. मी ओसरीवर उभी राहून पाहिलं, मुद्दाम.

पुढच्या आठवड्यात मला मुलगी झाली. मेलेली.

सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी भांडले असते आणि सुटले असते.

संबंध नव्हता. तेव्हाही नव्हता, आजही नाही. हेच मी वर्गात शिकवलं. पण त्या सकाळी टेबलावर झिपरीचं पोट वर झालं आणि माझा सहीचा हात उठला नाही.

मार्च सरता सरता ती पाणी फार पिऊ लागली. मी म्हटलं, ऊन. खाणं सुटलं, तरी म्हटलं, ऊन. सोमवारी तिला उभं राहता येईना तेव्हा नेली. अश्वजितनं पोट चाचपलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "फार उशीर झाला. तरी करू." मी सही केली. नंतर त्यानं पिशवी ट्रेमध्ये ठेवली, ती पाहिली. दोन्ही फाटे मनगटाएवढे फुगलेले. हाच अवयव मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढला. सलाईन चालू होतं. सकाळी ती गेली. मी जवळ होते. तिनं मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही.

थांबायला कारणं असतात, छाया, पण ती जनावराच्या अंगात असावी लागतात. माझं कारण तिच्या अंगात नव्हतं.

विमलवर राग धरू नकोस. ती जे मानते ते तोंडावर बोलली. मी मानत नाही म्हणत राहिले आणि लपून तेच केलं.

आता तुझं. पोटात दुखलं, अंगावरून गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर त्याच पावली डॉक्टर गाठ. झिपरीचं नाव मध्ये आणू नकोस. आणि सगळं सुखरूप झालं, तर विमल बारशात बायांना सांगेल की कुत्रीनं बाळावरचं संकट आपल्यावर घेतलं. तेही सांगू देऊ नकोस. तिनं काही घेतलं नाही. तिला मी दिलं.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि तुला या दिवसांत आणखी एक काम होईल.

वेळेवर झोप. बाळाला पाहायला बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तर तुझ्या जागी मीही बोलावलं नसतं.

तुझी,
सत्यभामामावशी

(पाकिटावरची नोंद) आज दुपारी छायाच्या नवऱ्याच्या, प्रज्वलच्या हाती दिलं: झिपरीचा गळपट्टा, साखळी, जर्मनची थाळी आणि लशींचं कार्ड. तिची गोधडी दिली नाही, ती तिच्यासोबत पुरली. शिवाय हे पत्र, पाकीट न चिकटवता. वाटेत त्यानं वाचावं, घरी विमलनंही वाचावं, पण संध्याकाळच्या आत ते छायाच्या हाती द्यावं, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे.