मामांच्या पेनावरचे जव

॥ श्री सिद्धनाथ प्रसन्न ॥

म्हसवड, शुक्रवार, ता. ७ डिसेंबर १९४५

जिवलग स्नेही धन्यकुमार यांस, म्हसवडहून लालासाहेब मास्तरचा आधी जय जिनेंद्र आणि मग नमस्कार. (आशीर्वादच लिहिणार होतो, पण तू माझ्याहून चार महिन्यांनी मोठा आहेस हे तू अख्ख्या कॉलेजला सांगून ठेवलेलं.) इकडं सगळं ठीक. आईचे गुडघे थंडीनं धरलेत, पण आवाज अजून वेशीपर्यंत जातो. तीर्थरूप अण्णांचा दमा कसा आहे? हळदीच्या पेवांत यंदा ओल शिरली नाही ना? गुणमालावहिनींना नमस्कार सांग आणि त्यांनी मागं पाठवलेल्या लोणच्याची बरणी मी परत करणार आहे हेही सांग. (बरणीला तडा गेला आहे. ते सांगू नकोस.) परवाच नाथाचा रथ झाला. गुलाल अजून कानांत आहे आणि शाळेतली निम्मी मुलं अजून जत्रेतच आहेत, म्हणून एवढं लिहायला सवड मिळाली.

आता मुद्द्याचं. माझे मामा, जमादार हंबीरराव, इटलीहून सुखरूप परत आलेत. पलटण हिंदुस्थानात उतरली, रजा मंजूर झाली आणि येत्या बुधवारी ते आमच्याकडं येणार. बातमी ऐकून आईनं नाथाला नारळ फोडला, शेजारणींना साखर वाटली आणि रडायला बसली. मीही रडलो, पण माझ्या रडण्यात निम्मी भेसळ होती, कारण मामा आले की पहिल्यांदा माझ्या खिशाकडं बघणार. त्यांनी दिलेलं ते चांदीचं पेन तुला आठवतंच असेल. कोण्या साहेबाची तडकाफडकी विलायतेला बदली झाली, त्याच्या सामानाचा मेसमध्ये लिलाव झाला, त्यात मामांनी मखमली डबीतला तो जोड घेतला आणि बोटीवर चढायच्या आधी विश्रामबागेत आपल्या कॉलेजच्या खोलीवर घेऊन आले. पेन मला द्यायचं आणि दुसऱ्या पोरानं नुसतं बघत बसायचं, हे त्यांच्या हिशेबात बसेना, म्हणून जोडातली पेन्सिल तुला दिली. जाताना मला एवढंच म्हणाले, की ह्यानं मला पत्रं लिव. त्या जोडाच्या अंगावरची नक्षी आपण किती रात्री कंदिलापुढं धरून पाहिली असेल. जवाच्या दाण्याला दाणा चिकटून वेढेच्या वेढे, आणि पेन बोटांत फिरवलं की उजेड एका दाण्यावरून दुसऱ्यावर पळत सुटायचा. हे माणसाच्या हाताचं काम नाही, पट्ट्याचं चाक फिरतं, पेन त्याबरोबर डुलत फिरतं आणि सुई जागच्या जागी राहून चांदी खरवडते, हे तूच मला कुठूनसं वाचून सांगितलंस. मग आपण दाणे मोजले. माझ्या पेनाच्या एका वेढ्यात बरोबर चोवीस भरले तेव्हा तू तीर्थंकर म्हणून हात जोडलेस, आणि तुझ्या पेन्सिलीवर अठराच निघाले म्हणून दोन दिवस जेवणात तुझं लक्ष नव्हतं.

त्या नक्षीच्या मधोमध, करंगळीच्या नखाएवढी जागा कोरी सोडलेली होती. तिथं साहेबलोक आपल्या नावाची दोन अक्षरं घालून घेतात. आता तूच सांग, आपल्याकडं दोन अक्षरांत कुणाचं कधी भागलं आहे? आपल्या घरात साधी वाटी असली तरी कुणाकडून, कुणास, कशाबद्दल आणि कोणत्या साली एवढं तिच्या पोटावर टोचलेलं असतं. तांब्यावर जेवढा मजकूर येतो तेवढा मला चांदीच्या पेनावर पाहिजे होता. बेचाळीसच्या जत्रेत भांड्यांवर नावं घालणारा नाथाजी देवळाच्या कडेला पोतं अंथरून बसला होता. मी त्याला चिठ्ठी लिहून दिली: चि. लालासाहेब यास मामा जमादार हंबीरराव यांजकडून सप्रेम भेट. एवढ्याशा जागेत हे कसं मावणार, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, न मावलं तर गोल फिरव. (ज्या नक्षीसाठी विलायतेत एक अख्खं यंत्र उभं केलेलं, तिच्यावरून खिळा फिरवायची परवानगी मी इतक्या मोकळ्या मनानं दिली.)

नाथाजी ठोकत होता आणि भोवती दहा-बारा माणसं जमली होती. माणसं जमली की मास्तराची जीभ आवरत नाही. मी त्यांना ते यंत्र समजावून सांगू लागलो. चाक झालो, पट्टा झालो, सुई झालो. मधे एकदा नाथाजीनं पेन वर धरून काहीतरी विचारलं, तेव्हा मी सुईच्या भूमिकेत होतो. हो हो, चालू दे, म्हणालो. भाषण संपलं, लोक पांगले आणि पेन माझ्या हाती आलं. त्यावर मुंग्यांच्या रांगेसारखी ठिपक्यांची अक्षरं दोन वेढे घालून गेली होती: कै. हंबीरराव यांच्या स्मरणार्थ चि. लालासाहेब यास सप्रेम भेट. धन्या, माझे मामा तेव्हा आफ्रिकेच्या वाळूत तोफांपुढं होते. मी ओरडलो. नाथाजी शांतपणे म्हणाला, "मास्तर, सकाळधरनं चाळीस वाट्या झाल्या कुणाच्या तरी म्हाताऱ्याच्या. हात त्याच वळणावर हुता. आन् तुमीच तर व्हय म्हणालासा."

मी विज्ञान शिकवणारा माणूस. मांजर आडवं गेलं तर वर्गात त्यावर अर्धा तास बोलतो. पण त्या दिवशी मी पेन मुठीत झाकून धावत सुटलो. घरी आलो, आई देवळात गेली होती, माळ्यावर चढलो आणि गंधाची सहाण घेऊन पेन घासायला बसलो. बेत साधा होता. फक्त ते 'कै.' काढायचं, म्हणजे मामा कागदोपत्री तरी जिवंत. विटकरीची भुकटी टाकली, चार हात मारले. तेवढ्या जागेतले जव गेले आणि लख्ख टक्कल पडलं. ते टक्कल एकटं वाईट दिसायला लागलं, म्हणून आजूबाजूचं थोडं घासलं. मग एक बाजू सपाट आणि एक बाजू नक्षीची झाली, म्हणून दुसरी बाजू घासली. मग खाली सपाट आणि टोपणावर जव, हे कुणालाही खटकलंच असतं. दिवेलागणीपर्यंत पेनाच्या अंगावर एक जव शिल्लक राहिला नाही. (चोवीसच्या चोवीस गेले, मला क्षमा कर.) आणि इतकं करून ते 'कै.' होतं तिथंच होतं. यंत्राची सुई चांदीला नुसती हलकेच खरवडून गेलेली, नाथाजीनं मात्र तांब्याच्या हिशेबानं खिळा ठोकलेला. आधी ती अक्षरं नक्षीच्या गर्दीत शोधावी लागायची. आता सपाट चांदीवर ती चावडीच्या फळ्यावरच्या जाहिरातीसारखी दुरून वाचता येत होती. एवढं शिक्षण घेऊन मी काय केलं म्हणशील, तर मामांच्या नावापुढचं 'कै.' सोडून बाकी सगळं पुसलं.

त्यानंतरचं मात्र विनोदानं सांगता येत नाही, तरी सांगतो. मामांची पत्रं यायची. पलटणीतला कारकून लिहायचा, आणि शेवटी ठरलेली ओळ असायची, की पेन कसे चालते ते कळवावे. काय कळवू? त्या पेनानं त्यांना पत्र लिहायला हात धजेना, आणि दुसऱ्या टाकानं लिहून खोटं बोलायला जीभ धजेना. तीन पत्रं सुरू करून फाडली. अखेर तीन वर्षांत मिळून दोन कार्डं टाकली, दोन्हींवर एकच मजकूर, इकडील सर्व खुशाल. वर्गात शिकवताना तारवाल्याची सायकल रस्त्यानं वाजली की मी खडू हातात धरून उभाच राहायचो. ती पुढं निघून गेली की मुलांना सांगायचो, उदाहरण परत पहिल्यापासून. मुलांना वाटायचं, मास्तर विसरतात. आईला यातलं अक्षर माहीत नाही. पेन तांदळाच्या डब्यात तळाशी आहे आणि दर महिन्याला डबा भरायला मी स्वतः बसतो, यावरून तिची समजूत आहे की मुलगा फार संसारी झाला.

असो. माणसानं मन मोकळं करावं ते तुझ्यासारख्या मित्रापाशी, म्हणून एवढं लिहिलं. दुसरं काही काम नाही. अण्णांना साष्टांग नमस्कार.

तुझा,
लालासाहेब

ता. क. – काम एवढंच, की तुझी पेन्सिल चार दिवसांसाठी दे. खिशाला लावल्यावर वरचं अंग तेवढं दिसतं आणि जव दोन्हीकडचे सारखेच. अठरा की चोवीस हे मामा मोजणार नाहीत. कापडात गुंडाळून मंगळवारच्या विट्याच्या मोटरच्या ड्रायव्हरजवळ दे, मी इथं अड्ड्यावर उभा राहीन.

ता. क. दुसरा – मामांनी लिहून दाखव म्हटलं तर शाई संपली असं सांगायचं ठरवलं होतं. पेन्सिलीला शाई लागत नाही हे आत्ता ध्यानात आलं. तुला काही सुचत असेल तर चिठ्ठीत लिहून पेन्सिलीबरोबर धाड, पण चिठ्ठी वेगळ्या कागदात बांध. तुझा ड्रायव्हर वाचतो.

ता. क. तिसरा, रविवार, ता. ९ – पत्र टाकायला काल शनिवारी सकाळी बाहेर पडलो, तर दारात मामा. बुधवारची वाट कोण बघतो, म्हणाले. वाळले आहेत, एका कानानं कमी ऐकू येतं आणि मिशी पांढरी झाली आहे. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी पाया पडायला वाकलो तेव्हा खिशातलं हे जाड पाकीट त्यांच्या पायांवर पडलं. कुणाला लिवलंस, म्हणून त्यांनी विचारलं. पेन्सिलवाल्या धन्याला, म्हणालो. मग वाच की, तो पोरगा कसा हाय ते कळंल तरी, असं म्हणून ते जोत्यावर बसले. मामांना पलटणीत रोमन अक्षरं शिकवली आहेत, आपली अक्षरं त्यांना जड जातात, त्यामुळं चार ओळी गाळून वाचायची सोय होती. पण ते इतक्या विश्वासानं चांगला कान पुढं करून बसले होते की मला एक शब्दही गाळता आला नाही. 'कै.' आलं तिथं मी थांबलो. पुढं वाच, म्हणाले. सहाणेपर्यंत आलो तेव्हा ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. आई मात्र हसली नाही. डब्याचं वाचून झालं तशी ती उठली, तांदळातून पेन काढून आणलं आणि मामांच्या हातात दिलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आरं शाण्या, जित्या माणसाचं मरान उठलं तर त्याचं आयुष्य वाढतंया. तवाच सांगितलं असतंस तर तीन सालं मी सुखानं निजले असते." तीन वर्षं जी गोष्ट मी तिच्यापासून जिवाच्या आकांतानं लपवली, तीच तिला धीर द्यायला पुरली असती. मी मास्तर कसा झालो हे सरकारलाच माहीत.

तारवाल्याच्या सायकलीचा भाग आला तेव्हाच मामा हसायचे थांबले होते. पेन त्यांनी एकदा बोटांत फिरवलं आणि खाली ठेवलं. मग त्यांनी पत्र मागितलं. पानं मोजली, उलटून पाहिली, अक्षरांवरून अंगठा फिरवला. मी म्हणालो, मामा, चुकलं. तर म्हणाले, "येवढं लांब लिवता येतं व्हय रं तुला? तिकडं टपाल वाटायला लागले की मी सगळ्यांच्या म्होरं हुबा ऱ्हायचो." मग त्यांनीच पत्राची घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "तवा पायजे हुतं. पर आसू दे, आता बी चालंल."

तेव्हा मूळ पत्र मामांकडं आहे आणि तुला धाडतो ती नक्कल. पेन्सिलीची गरज उरली नाही, तरी ती विनंती तशीच उतरवली आहे, कारण मामांनी शेजारी बसून सांगितलं, की त्यातलं काय बी गाळू नगंस.