अस्वल आणि बगळा : भाग दुसरा

३ जून

चि. चिंगीस मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुमच्या कार्टून सिनेमाच्या पहिल्या भागात अस्वल आणि बगळा यांची मैत्री झाली, दोघांनी मिळून गाणं वाजवलं, जंगल नाचलं, पोरांनी टाळ्या पिटल्या. संपलं ना? मग दुसऱ्या भागासाठी उरलं काय? तिकिटं.

ते अस्वल व्हायोलिनचा गज धरतं कसं, तर भिंत रंगवायला निघाल्यासारखं. बगळा पियानो वाजवतो तो चोचीनं. तुम्ही चित्रं काढणारी माणसं डोळे मिटून काढता की काय, कोण जाणे.

आता म्हणे लयीवरून दोघांचं बिनसतं. बगळा रेंगाळतो, अस्वल पळतं आणि भर कार्यक्रमात उठून जातं. चिंगे, मी म्हातारा झालोय, खुळा नाही. ही गोष्ट तू माझ्या घरातून उचललीस. भर कार्यक्रमातून उठून आल्यापासून मी माझ्या जुन्या जोडीदाराशी, त्या पियानोवाल्याशी बोलत नाही, ते त्यावर तुम्ही कार्टून काढावं म्हणून नव्हे. तुझ्या अस्वलासाठी मी वाजवणार नाही. दुसरा कुणी पोटार्थी बघ.

आईला आठवण सांग. लोभ आहेच, तो या सिनेमापायी पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मामा

९ जून

ती. मामांस सा. न. वि. वि.

शिव्या पोचल्या. आईनं दोनदा वाचायला लावल्या. तुमची तब्येत झकास दिसते, असं ती म्हणाली. गोष्ट तुमचीच चोरली, कबूल. पण शेवट काही सुचत नाहीये. आमच्या दिग्दर्शकाच्या मते दोघांनी पुलावर धावत येऊन मिठी मारावी आणि मागे बेडकांनी कोरसमध्ये गावं. मी दुसरं काही पुढे ठेवलं नाही, तर तेच होणार.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती. बगळ्याचा पियानो तुमच्या पियानोवाल्या काकांनीच वाजवलाय. त्यांची बोटं आखडत चालली आहेत. हिवाळ्यापर्यंत वाजवणं बंद पडेल, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्हाला हे कळता कामा नये, अशी त्यांनी मला ताकीद दिली होती. ती मी आज मोडली.

तुम्हाला त्यांचं तोंडही बघावं लागणार नाही. आमच्याकडे प्रत्येक जण एकटाच येऊन वाजवतो, आधीच्यानं वाजवलेलं कानाला लावून. मामा, एवढं कराच.

राग धरायचा तर पत्रातूनच धरा, म्हणजे आईची करमणूक होईल.

तुमची चिंगी

१८ जून

चि. चिंगीस आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या स्टुडिओत जाऊन आलो. खुराडं आहे. माझ्या कानांवर डबे चढवले आणि काचेपलीकडून एक इसम अंगठा दाखवत बसला. पियानो सुरू झाला आणि पहिल्याच ओळीत रेंगाळला. त्याला डोळ्यांनी दटावावं म्हणून मी सवयीनं मान वर केली, तर समोर भिंत. भिंतीबरोबर वाजवण्याइतका मी अजून घसरलेलो नाही. डबे काढून ठेवले आणि टॅक्सी करून तडक त्याच्या घरी गेलो.

त्यानं दार उघडलं. ते तसंच उघडं ठेवून तो आत वळला. मी व्हायोलिन काढलं. तो पियानोशी बसला आणि तार जुळवायला त्यानं मला एक सूर दिला. तार जुळेपर्यंत तो तीच पट्टी दाबत राहिला. मग आम्ही तुमचं ते टाकाऊ गाणं वाजवलं. आता तो पूर्वीपेक्षाही जास्त रेंगाळतो, कारण त्याची करंगळी उठत नाही. मी त्याच्यासाठी थांबत गेलो. मला फार वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

तुझ्या सिनेमाला हाच शेवट घे. मिठी नको, पूल नको, बेडूक तर नकोतच. दिग्दर्शकाला यातलं काही कळणार नाही, तेव्हा त्याला समजावण्यात वेळ घालवू नकोस.

स्टुडिओतलं ते मी एकट्यानं वाजवणार नाही. तुझं यंत्र घेऊन त्याच्या घरी ये आणि आम्हा दोघांचं एकदमच घे. या आठवड्यातच ये. पुढच्या आठवड्याचं तो काही सांगत नाही.

बाकी लोभ कर, उशीर मात्र करू नकोस.

तुझा मामा