संघपालचा फोन माझ्याकडून काढून घेतल्याबद्दल

मेहरूण, जळगाव
१९ मे २०२५

प्रिय देवचंद यास अक्काचा सप्रेम जय भीम.

शनिवार, १७ मे, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तुझ्या मुलाने माझ्याच ओट्यावर, माझाच चहा पीत, मला कामावरून काढले. धुळ्यात तुझा गुडघा बरा असेल आणि या उन्हात तू टोपीशिवाय भटकत नसशील, अशी आशा आहे. माझी तब्येत उत्तम आहे, डोके सोडून.

तुला ठाऊकच आहे, संघपाल शिडीवर असतो, एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात वायर, आणि नेमका तेव्हाच खिशात फोन वाजतो. उचलला तर जिवाशी खेळ, नाही उचलला तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते. (त्याला ना साहेब आहे ना शिपाई, तोच दोन्ही.) म्हणून मार्चमध्ये त्याने आपले सगळे फोन माझ्या फोनकडे वळवले. मी चौतीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, त्यातली अकरा सुपरवायझर म्हणून. तेव्हा उपकार कोणी कोणावर केले ते तूच ठरव.

देवचंद, लोकांना विजेबद्दल बोलताच येत नाही. फोन उचलला की पलीकडून ओरडा, ‘भाऊ, बठ्ठं बंद शे!’ बठ्ठं म्हणजे सगळं, पण सगळं म्हणजे काय? पंखा, पंप की सगळी गल्ली? मी विचारते, शेजाऱ्यांचे दिवे चालू आहेत का? तर म्हणे शेजाऱ्यांशी आमचे बोलणे नाही. एक लताबाई म्हणून आहेत, त्यांनी कुलर शॉक देतो अशी तक्रार केली. कोणाला देतो विचारले, तर म्हणाल्या, फक्त सासूबाईंना, सावकाश पाठवा. (त्याला मी ताबडतोब पाठवले.) पत्ता विचारला की ‘त्याला माहीत आहे.’ आणि तो पोचला की ‘आलाच आहेस तर’ म्हणून माळ्यावरचे तीन जुने पंखे खाली येतात. त्यात आधीच्या कोणा कारागिराने घरभर लालच वायर ओढलेली. कोणती कुठे जाते ते शोधण्यात याची दुपार जाते, आणि सापडली की वीजच जाते, म्हणजे तपासणार कशावर?

तेव्हा मी शिस्त आणली. कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला अर्धवट बोलू देत नसत, तसाच माझा नियमही साधा होता. जो नाव, पत्ता आणि बिघाड नीट सांगेल, त्याचा नंबर आधी. जो नुसता ओरडेल, तो शेवटी. वहीत रकाने आखले, वेळा ठरवल्या, सगळे व्यवस्थित चालले होते.

बुधवारी, १४ तारखेला, सकाळी अमळनेरहून रुखसार नावाच्या बाईंचा फोन आला. काय बोलणे, देवचंद! आधी सलाम, मग माझी विचारपूस, मग पूर्ण पत्ता, मशिदीनंतर डावीकडे दुसरे घर, हिरवे दार, आणि मग बिघाड, दारावरची बेल वाजत नाही. मी त्यांचा नंबर पहिला लावला. त्यानंतर पाच मिनिटांनी शालिग्रामचा फोन. तोच, ज्याचे मंगल कार्यालय आहे आणि ज्याच्याकडे संघपालला बाराही महिने हक्काचे काम असते. (बाकी सगळी गिऱ्हाइके उन्हाळ्यापुरती.) शालिग्राम फक्त म्हणाला, ‘पाठवा त्याला.’ आणि फोन ठेवला. ना नाव, ना काय झाले. मी त्याला यादीत शेवटी टाकले.

संघपालने विचारले, आत्या, आधी कुठे? मी म्हटले, अमळनेर. तो बिचारा माझ्यावर विश्वास ठेवून स्कूटरवर शिडी आडवी बांधून भर उन्हात अमळनेरला गेला. बेलमधला सेल संपला होता. तो बदलून, बाईंकडचे सरबत पिऊन, परत येईस्तोवर इकडे कार्यालयात मेन स्विच जळालेला, हळदीला अडीचशे माणसे, एकही पंखा फिरत नाही, आणि नवरीची हळद घामाबरोबर गळ्याखाली उतरलेली. शालिग्रामने दुसरा इलेक्ट्रिशियन बोलावला. पुढच्या लग्नालाही त्यालाच बोलावीन असे तो म्हणाला आहे.

यात माझे काय चुकले? शनिवारी तुझ्या मुलाने आपला फोन काढला, त्यावर फुल्या आणि आकडे दाबून माझ्याकडे वळवलेले फोन बंद केले, आणि म्हणाला, ‘आत्या, तू आता आराम कर.’ आराम! मला! ओरडला असता तर मी चार उत्तरे दिली असती. पण कप विसळून ठेवला आणि गेला. सपना (तुझी सून, जिने मध्ये पडायला हवे होते) टोमॅटो चिरत राहिली. या अपमानाबद्दल त्याला खरमरीत पत्र लिही.

तुझी,
लिला अक्का

ता. क. खरमरीत पत्र राहू दे.

ता. क. २. शालिग्राम शाळेत तुझ्या बाकावर होता. एसटीने ये आणि त्याला भेट. दोष संघपालचा नव्हता, त्याच्या आत्याचा होता, असे त्याला सांग. ‘गैरसमज’ म्हणू नकोस, ‘चूक’ म्हण. मी स्वतः तीनदा फोन केला, पण माझा आवाज ऐकला की तो ठेवतो. महिनाअखेरीला तो वर्षभराचे काम कोणाला द्यायचे ते ठरवणार आहे. मी सांगितले हे संघपालला कळता कामा नये.

ता. क. ३. शालिग्राम माझ्याबद्दल काय काय बोलेल ते उत्तरातून गाळून टाक. संघपालचे काम राहिले की गेले, तेवढे पहिल्या ओळीत लिही. मोबाईलवर अंगठ्याचे चित्र पाठवलेस तर ते उत्तर धरणार नाही. लेखी उत्तर रविवार, २५ मे, सायंकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडले पाहिजे.