हॉपरची साखळी

तुंगार्ली, लोणावळा
रविवार, दुपार

प्रिय सीताराम,

मंगळवारी तुझ्या ओट्यावरून मी उठलो तो रागानेच उठलो, हे तुला कळलं असेल. शालनवहिनींनी आणलेला चहा तसाच राहिला. गाडीला किक मारताना त्यांनी आतून हाक मारली, तीही मी ऐकून न ऐकल्यासारखी केली. त्यांना सांग, राग चहावर नव्हता. तुझ्यावर होता, आणि आज पाच दिवस झाले तरी उतरलेला नाही. फोन करणार होतो. पण फोनवर तू नुसता हुंकार देतोस, मग लेकीच्या, प्रतीक्षाच्या कॉलेजचं सांगत बसतोस आणि माझं बोलणं राहून जातं. म्हणून इथे सिमेंटच्या गोदामात पोत्यांवर बसून, स्टोअरवाल्याकडून वहीची पानं मागून घेऊन लिहितोय. आज कामाला सुट्टी आहे, कोणी टोकायला नाही. माझं अक्षर तुला माहीत आहे, चष्मा लावून वाच.

मी काय मागितलं होतं रे तुझ्याकडे? घमेली उचलायला बोलावलं नव्हतं, मशीन चालवायलाही नाही. मिक्सरपाशी खुर्ची टाकून बसायचं, सकाळी सुरू करायच्या आधी तो नीट तपासायचा, आणि तू मान हलवल्याशिवाय कोणी इंजिनाला हात लावायचा नाही, एवढंच. ठेकेदार साहेब तयार आहेत. राहायला खोली आहे, जेवण आहे. गुडघा वाकत नाही ही अडचण मी त्यांना आधीच सांगितली होती, ते म्हणाले की बसून डोळे चालले तरी पुरे. सुदुंबऱ्यात लोकांचे मोटारपंप उघडून बसतोस त्यापेक्षा हे तुझ्या हातचं काम आहे. आणि तू काय म्हणालास? "ज्याला सोताची साखळी ध्यानात ऱ्हायली न्हाई, त्यानं दुसऱ्याला काय शिकवायचं?" असं म्हणून पंपाचा नट घट्ट करत बसलास. मला ते उत्तर पटलं नाही. का पटलं नाही तेही सांगतो, पण आधी इथली परिस्थिती ऐक.

तुझ्या जागेवर आता नथू आहे. चाळिशीचा माणूस, दोन पोरांचा बाप, कामाला वाघ, पण मशीनच्या बाबतीत ठार अडाणी. त्याला वाटतं मशीन म्हणजे बैल, दोन फटके दिले की चालतं. संध्याकाळी काम संपलं की ड्रममध्ये पाणी आणि दोन घमेली खडी टाकून दहा मिनिटं फिरवायचा, ही आपली जुनी रीत. हा तसाच सोडून जातो आणि सकाळी बाहेरून घणाने ठोकत बसतो. ड्रमला इतके पोचे आलेत की आमच्या गावच्या यात्रेतला ढोलही त्यापेक्षा बरा दिसेल. बुधवारी तर छिन्नी घेऊन आतच शिरला, आणि बाहेर इंजिन चालू! क्लच सोडलाय म्हणे, ड्रम थोडाच फिरणार आहे. मी इंजिन बंद केलं, ते सुरू करायचं हँडल काखेत मारलं, आणि त्याला पायाला धरून बाहेर ओढला. तर माझ्यावरच चिडला. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट जाईल, हे त्याला सतरा वेळा सांगून झालं. त्याने मोबाईलवर कुणाची तरी रील बघितली आहे, तो मनुष्य अंगठा वळवून धरतो, म्हणून हाही तसाच धरणार. गियरवरचं पत्र्याचं झाकण दोन दिवस सापडत नव्हतं. शेवटी सापडलं ते चुलीपाशी, वारा लागू नये म्हणून आडोशाला लावलेलं. उघड्या दात्यांपाशी ही मंडळी खांद्यावर टॉवेल टाकून वाकतात.

मी ओरडतो, त्यांना वाटतं म्हाताऱ्याला सवय आहे. साहेबांना सांगितलं की हॉपर वर ओढणाऱ्या वायररोपचे पीळ सुटायला लागलेत, बदलायला हवा, तर ते म्हणतात या स्लॅबनंतर बघू. ब्रेकचा लायनर झिजलाय म्हटलं, तर म्हणतात तुम्ही फार घाबरता. सहा वर्षांपूर्वी घाबरत नव्हतो, हे त्यांना कसं सांगू? माझं सगळं आयुष्य मिक्सरच्या लिव्हरवर गेलं आणि या वयात मी पोलिसपाटलासारखा नुसता लोकांच्या मागे फिरतोय. घरी येऊन बायकोवर चिडतो. ती म्हणते तुम्ही हल्ली झोपेतसुद्धा कुणाला तरी बाजूला हो म्हणता.

तू असतास तर ओरडावं लागलं नसतं. अठरा वर्षं आपण एका मशीनवर काढली. लिव्हर माझ्या हातात, हॉपर तुझ्या ताब्यात. मी उर्स्याच्या टोलनाक्यापाशी चहा विकत होतो, तिथून मला उचलून तू या धंद्यात आणलंस, आणि पहिल्या दिवशी मशीनला हात लावू दिला नाहीस. आठवतं? आधी चाकांना दगड लावायला शिकवलंस. मग वायररोपवरून जुनं फडकं फिरवायला शिकवलंस, फडकं कुठे अडकलं तर तिथली तार तुटली आहे असं समज म्हणून. मी नाराज होतो, मला ड्रम फिरवायचा होता. तू कधी आवाज चढवला नाहीस. नुसता हातातलं काम थांबवून उभा राहायचास, आणि आम्ही निमूटपणे करायचो. खडी-वाळू भरलेला हॉपर वर गेला, की खाली सांडलेला माल काढायला कुणीतरी वाकणारच. त्याआधी तू फेरी मारून माझ्या बाजूला यायचास, ब्रेक सुटला तरी हॉपर खाली येऊ नये म्हणून चौकटीवरची साखळी त्याच्या कडीत अडकवायचास, ओढून बघायचास आणि मग फावडं घ्यायचास. अठरा वर्षांत एकदाही तू हे टाळल्याचं मी पाहिलं नाही.

आता शुक्रवारचं ऐक. हॉपर वर, साखळी नुसती लोंबतेय, आणि नथू खाली वाकून फावड्याने वाळू ओढतोय. मी लिव्हर दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि त्याला बाहेर यायला ओरडलो. आला, पण हसत आला, आणि चारचौघांत म्हणाला, "दोन मिन्टाचं काम हुतं भाऊ. मी काय सीताराम हाय व्हय, इसरायला?" सगळे हसले. सीताराम, हे तुला कोणी सांगितलं नसेल, मीच सांगतो. तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत कुठल्याही साइटवर कोणी बेफिकिरी केली की म्हणतात, बघ हां, सीताराम होशील. ज्यांनी तुला कधी पाहिलं नाही तेही म्हणतात. आणि ही म्हणण्याची पद्धत पाडली कोणी? मीच. नवीन माणसांना साखळीचं महत्त्व पटावं म्हणून मीच तुझी गोष्ट सांगत आलो. माझा मित्र, एवढा जाणता माणूस, एक दिवस साखळी लावायला विसरला आणि पायाने कायमचा अधू झाला. परिणाम चांगला व्हायचा. लोक गप्प होऊन ऐकायचे. मीही हळूहळू ती अशी सांगायला लागलो की जणू ती तशीच घडली होती.

मंगळवारी मी तासभर तुझ्याकडे होतो. तेवढ्यात तू तीनदा उठून पंपाचं बटण बंद आहे का ते बघून आलास. काठी टेकत, ओटा उतरून, तीनदा. तिसऱ्यांदा तू परत आलास आणि वहिनी हळूच जाऊन पुन्हा बघून आल्या. मला म्हणाल्या, ह्यांचा आता भरवसा वाटत न्हाई भाऊजी, त्यांचा त्यांनाच वाटत न्हाई. तू ते ऐकलंस आणि हसलास. मग नोकरीचा विषय निघाला आणि तू ते साखळीचं वाक्य बोललास. तेव्हा मला तिथे बसवेना. तुझ्यावर राग आला असं मी वर लिहिलं आहे, ते खोडत नाही, पण अर्धंच खरं आहे. तू माझ्यावर इतका डोळे झाकून विश्वास का ठेवलास, याचा तो राग होता.

सहा वर्षांपूर्वी लोहगडवाडीला त्या खानावळीच्या वरच्या मजल्याचा स्लॅब सोमवारी होता. आदल्या रविवारी तू घरी गेला होतास, प्रतीक्षाच्या शाळेत काहीतरी कार्यक्रम होता, ती तेव्हा सातवीत होती. त्या दुपारी गडावर आलेल्या मुंबईच्या लोकांची गाडी वळणावर गटारात गेली. बायका-मुलं रस्त्यावर उभी. मी आपला साइटवरचा ट्रॅक्टर नेला. दोर लावला तो तुटला. मग मी मिक्सरची साखळी काढली, ती जोडली आणि गाडी वर ओढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्यासोबत फोटो काढले. मी फुशारलो होतो. साखळी ट्रॅक्टरच्या पेटीत टाकली ती तिथेच राहिली. सोमवारी सकाळी स्लॅब सुरू झाल्यावर मला ती आठवली. ट्रॅक्टर चाळीस पावलांवर उभा होता. पण वर माल कमी पडत होता, मिस्त्री बोंबलत होता, म्हटलं पहिल्या चहाला आणू. चहा झाला, तरी आणली नाही. ब्रेकही सकाळपासून निसटत होता, तेही मला ठाऊक होतं.

तुला त्या सकाळचं चहाच्या पुढचं आठवत नाही, डॉक्टर म्हणाले डोक्याच्या मारामुळे तसं होतं. मला सगळं आठवतं. हॉपर वर गेला. तू फावडं टेकवून ठेवलंस आणि नेहमीसारखा माझ्या बाजूला यायला निघालास. अर्ध्या वाटेवरून विचारलंस, "साखळी लावू ना रं?" मी म्हणालो, "मी लावलीय, तू जा खाली." तू मागे वळलास. मी पाण्याचा डबा घ्यायला वाकलो आणि ब्रेक सुटला, हॉपर थेट तुझ्या अंगावर आला. तुला दवाखान्यात पोचवून संध्याकाळी मी परत गेलो आणि ट्रॅक्टरच्या पेटीतून साखळी काढून तिच्या जागेवर लोंबती ठेवली. दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या ठेकेदाराने येऊन ती पाहिली आणि म्हणाला, साखळी तर इथेच आहे, यानेच लावली नाही. पुढे तुझ्यासाठी जे काही केलं ते त्याने उपकार म्हणून केलं, आणि वहिनी त्याच्या पाया पडल्या. चौथ्या दिवशी तू शुद्धीवर येऊन मला जवळ बोलावलंस आणि विचारलंस, "भिमा, मी साखळी लावली न्हवती का?" खोलीत आपण दोघंच होतो. मी म्हणालो, "न्हाई लावलीस."

येत्या गुरुवारी इथे स्लॅब आहे. उद्या सकाळी साहेब आले की आधी त्यांना आणि मग नथूसकट सगळ्यांना, मशीनपाशी उभा राहून मी हे सांगणार आहे. मला कामावर ठेवायचं की काढायचं ते साहेब बघतील. तू माझं तोंड पाहायचं की नाही, ते तू ठरव, मी माफी मागायलासुद्धा तुझ्या दारात न विचारता येणार नाही. तुंगार्लीला यायचं असेल तर ये, माझ्यासाठी नको, त्या नथूसाठी ये, कारण तो तुझं ऐकेल. ओंकार टेम्पोवाला संध्याकाळी तळेगावकडे निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. ते वाचून खिशात ठेवू नकोस. शालनवहिनी आणि प्रतीक्षा यांना समोर बसव आणि मोठ्याने वाचून दाखव, माझ्यावर दया करून एकही ओळ गाळू नकोस. त्या दोघींच्या कानावर हे तुझ्या आवाजात पडलं पाहिजे की तू विसरला नव्हतास. तू विचारलं होतंस, सीताराम, आणि मी खोटं सांगितलं.

मित्र म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरीही तुझाच,
भिमाजी