मधलं नाव

नायगाव,
६ जून २०२५

ती. दादास,
हंसाचा साष्टांग नमस्कार.

मी आणि जागृती इकडे ठीक आहोत. तुमचा भाताचा राब पेरून झाला असेल. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, वाकून कामं करायची हौस आता पुरे झाली.

पत्र बघून तू हसशील. नायगावहून रिक्षाने अर्ध्या तासात पोचता येतं, आणि ही बया पत्र लिहीत बसलीय! पण तू फोन स्पीकरवर लावतोस, दादा. मग आपलं बोलणं पडवीपासून मोरीपर्यंत सगळं घर ऐकतं. म्हणून व्हिन्सेंटच्या हाती देते आहे. त्याची रिक्षा गावभर फिरते, पण गोष्ट पोटात ठेवणारा माणूस आहे. त्याला सांगितलंय, पत्र शेतावरच द्यायचं, घरी नाही.

मशीनच्या पैशांचं तू दर खेपेला विचारतोस. तर ते मिळण्यासारखे आहेत. आपल्या जागृतीने त्याच दिवशी फसवणुकीच्या तक्रारीच्या एक-नऊ-तीन-शून्य नंबरला फोन लावला म्हणून बरं झालं. साठातले एकेचाळीस हजार एका खात्यात अडकवून ठेवलेत. आता मी अर्ज करायचा, मग कोर्टाचा हुकूम निघतो आणि पैसे परत येतात. पोरीने हे ऐकून पेढे आणले. मी एक खाल्ला.

खरं सांगू का, मला आनंद झाला नाही. मार्चमध्ये पैसे गेले तेव्हापासून मला नीटसं काहीच वाटत नाही. परवा तीन किलो मिरच्या भाजल्या. शेजारीण तिच्या घरात खोकून खोकून बेजार झाली आणि मला साधा ठसका लागला नाही. कांडायला माणिकपूरला नेल्या, रांगेत उभी राहिले, घरी आले. स्वतःचं मशीन असतं तर ही रांग नसती, असं पूर्वी रोज मनात यायचं. आता तेही येत नाही.

मशीनची जाहिरात कुठे पाहिलीस, हे तू मला किती वेळा विचारलंस. मी दर वेळी म्हटलं, मोबाईलवर. खोटं नव्हतं ते. आपल्या हितेशच्या स्टेटसला होती.

'मसाला कांडप मशीन, थोडं वापरलेलं, कामणच्या गोडाऊनमध्ये,' आणि खाली एक नंबर. हितेश कामणलाच कामाला, म्हटलं घरच्या पोराने लावलंय म्हणजे बघूनच लावलं असणार. त्याला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर तुला कळलं असतं, आणि आधी मशीन घरात आणून मग तुम्हा दोघांना बोलवायचं, असं माझ्या डोक्यात होतं. नंबरवरचा माणूस ताई ताई करत बोलला. पैसे भरले, टेम्पो निघाला म्हणाला, आणि मग फोन बंद. दुसऱ्या दिवशी मी कामणला गोडाऊन गोडाऊन फिरले. हितेश भेटेल म्हणून इकडे तिकडे बघत होते. तो त्या दिवशी कामावर आला नव्हता.

गेल्या आठवड्यात पोलीस ठाण्यातल्या मॅडमनी बोलावलं. पैसे दोन खात्यांतून फिरून तिसऱ्यात गेले म्हणाल्या आणि त्या तिसऱ्याचं नाव वाचून दाखवलं. हितेश शत्रुघ्न म्हात्रे.

दादा, मला पहिलं नाव ऐकूच आलं नाही. मधलं, तुझं, तेवढं ऐकलं.

मॅडमनी विचारलं, ओळखता का? मी नाही म्हटलं. पाणी मागितलं, प्यायले आणि घरी आले.

मग हितेशला स्टेशनजवळ बोलावलं. कामणच्याच कुणीतरी त्याला खातं वापरायला मागितलं होतं. आलेल्या पैशांतून थोडे त्याचे, बाकीचे पुढे पाठवायचे, आणि सांगतील त्या जाहिराती स्टेटसला लावायच्या. चहा समोर निवत होता. तो मान खाली घालून म्हणाला, "आत्या, मला काय माहीत तूच घेशील ते."

म्हणजे दुसऱ्या कुणी घेतलं असतं तर चाललं असतं. हे मी त्याला बोलले नाही, तुला सांगते. "बाबांना सांगू नको" म्हणाला, म्हणजे तुला. अंगाखांद्यावर खेळवलेलं पोर आहे, मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. चहाचे पैसे देऊन मी उठले.

ते साठ हजार कुठले, ते तुला ठाऊक आहे. हक्कसोडपत्राच्या दिवशी तू दिलेस ते. रजिस्ट्रारच्या कचेरीत बोट ठेवून म्हणालास, "हंसे, इथं सही कर. बाकीचं मी बगतो. बहिनीनं भावाच्या कागदात काय बगायचं?" मी बघितलं नाही. आपल्या बाबांच्या खाडीकाठच्या जमिनीवरचं माझं नाव गेलं. वहिनीने साडी दिली, सुरमई तळली, सगळे म्हणाले बहीण असावी तर अशी. मीही तेच म्हणत घरी आले. दिलेस तेही तुझ्याच घरात परत गेले, त्याचं मात्र हसू येतं.

आता पुन्हा एक सही आहे. अर्ज दिला की हितेशला जबाबाला बोलावतील. नाही दिला तर पैसे तिथेच राहतील आणि मी 'नाही ओळखत' म्हणाले ते कायमचं खरं होऊन बसेल.

अर्ज मी चारदा वाचला. सोमवारी सकाळी देणार आहे, आणि 'ओळखते, माझा भाचा आहे' हेही सांगणार आहे. हितेशला घेऊन तिथे पोलीस ठाण्यात ये. स्वतःहून आला तर त्याच्या बाजूने काही बोलता येईल, मी त्याच्या शेजारी बसेन. पोराला मारू नकोस. मधे मला फोन करू नकोस, दादा. तुझा आवाज ऐकला की तू म्हणशील तिथे मी सही करते, नको म्हणशील तिथे करत नाही. ही एक मला माझी करू दे.

वहिनीला मी काही कळवलेलं नाही. तिला तू सांग. माझ्याकडून नमस्कार सांग.

भाऊबीजेला बोलावलंस तर येईन. ओवाळणी नको.

तुझी धाकटी बहीण,
हंसा