मेजर हॅलमच्या थडग्यावरील एका शब्दाबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नावळी नगरपरिषद, नावळी.

विषय : मेजर एडवर्ड हॅलम याच्या थडग्यावरील फलक दुरुस्त करणे व माझ्या वडिलांवरील तक्रार मागे घेणे.
संदर्भ : गेल्या महिन्यातील फलक-अनावरण समारंभ.

महोदय,

मी मूळची नावळीची. सध्या जपानमध्ये ग्योतोकु येथे राहते व अठराव्या शतकातील इंग्रज फौजेवर विद्यापीठात संशोधन करते. आपल्या फलकावर ज्याला ‘नावळीचा तारणहार, तापाने निधन’ म्हटले आहे, त्या हॅलमची कारकीर्द हाच माझा विषय आहे.

हॅलम सोळाव्या वर्षी पलटणीत शिरला. अमेरिकेतील लढाईत शेतकऱ्यांची घरे माणसांसकट जाळून कॅप्टन झाला. १७८० साली कंपनीच्या फौजेबरोबर कोकणात आला तेव्हा मेजर होता. नावळीने फौजेला धान्य दिले नाही, म्हणून देवळात आसरा घेतलेल्या लोकांवर त्याने बाहेरून दारे लावली व छप्पर पेटवले. भिंत फोडून निघालेल्यांना शिपायांनी संगिनींनी भोसकले. आवडी नावाच्या कुणबी बाईची दोन्ही मुले आत होती. ती चाऱ्याचा भारा घेऊन छावणीत गेली आणि तिने विळ्याने हॅलमचा गळा चिरला. तिला तोफेच्या तोंडी दिले. त्याच्याच दुय्यम अधिकाऱ्याने चौकशीत हे सांगितले आहे. प्रत सोबत जोडली आहे.

समारंभात माझे वडील, निवृत्त शिक्षक श्री. पंढरीनाथ साटविलकर, उठून एवढेच म्हणाले, “याला ताप आला नव्हता. याला आवडीने मारलं.” मी व माझी मुलगी ग्योतोकु स्टेशनच्या फलाटावर मोबाईलवर समारंभ पाहत होतो. मंडपातील चौघांनी त्यांना खुर्च्यांनी झोडपले. ते पडल्यावरही लाथा थांबल्या नाहीत. मुलीने जपानीत विचारले, “आजोबा खोटं बोलले का?” आमची गाडी आली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी समारंभात अडथळा आणल्याची तक्रार आपल्या कार्यालयाकडून वडिलांवरच नोंदवण्यात आली.

२०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर मी येथील किनाऱ्यावरच्या एका गावात चिखल उपसायला गेले होते. तेथे आता दगडावर मृतांची नावे आहेत, तान्ह्या मुलांचीसुद्धा. नावळीत फक्त मारणाऱ्याचे आहे.

तरी वडिलांवरील तक्रार मागे घ्यावी व हॅलमच्या थडग्यापाशी आवडीचे नाव लावावे. नवा फलक नियमात बसत नसेल, तर निदान ‘तापाने’ हा शब्द पुसावा. त्यासाठी माणूस उपलब्ध नसल्यास वडील स्वतः यायला तयार आहेत. त्यांचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला आहे. परंतु एका शब्दाला डावा हात पुरतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

उत्तराची वाट पाहणारी,
सुचेता पंढरीनाथ साटविलकर
ग्योतोकु, इचिकावा
दि. ९ डिसेंबर २०१९