खंडेनवमीचं तेल

दादा, तुमच्या सायकलचं मागचं चाक आज खोललं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, येडगाव फाट्यावरचं आपलं सायकल दुरुस्तीचं दुकानही गेलं, पण सायकल घरीच आहे. आई तिच्यावर बसत नाही, हातात धरून चालते. कॅरिअरला घासाचं ओझं बांधते आणि हँडलवर भार टाकून मळ्यातून घरी येते. गुडघे गेलेत, पण काठीचं नाव काढलं की तिला राग येतो. त्यामुळे चाक आऊट होऊन डुलत फ्रेमला घासायला लागलं, तशी ती घरातच बसून राहिली. शेवटी मी मंचरहून आले.

आऊट काढायचा तर तारा ताणायला हव्यात, आणि तारा आवळायची रिमवरची एक निपल हलेल तर शपथ. गंजून तारांना चिकटून बसलेल्या. रॉकेल पाजलं, तेल पाजलं, मेणबत्तीचा शेक दिला, तरी ढिम्म. जोर लावला तर निपल फिरायची सोडून तारच पिळली आणि तुटली. मी तुमचीच लेक, पाना भिरकावून दिला आणि धरणाच्या दमट हवेला शिव्या घातल्या. ओट्यावरून आई म्हणाली की हवेला कशाला बोलतेस, मी दर खंडेनवमीला सायकल धुते की, ते धुवायचे तशीच.

खंडेनवमी. मी लहान आहे. तुम्ही सायकल घासून धुता, आई झेंडूची माळ घालते, चाकाच्या एकेका निपलला ओल्या कुंकवाचं बोट टेकवते. ती पुरणाचं बघायला आत गेली की तुम्ही मला दाराशी राखणीला उभं करता, फडक्यानं कुंकू टिपून घेता आणि प्रत्येक निपलच्या बुडाशी तेलाचा थेंब सोडता. आईला बोलू नकोस, पूजेचं पुसलं म्हणून तिला वाईट वाटेल, असं म्हणाला होतात. मी कधीच बोलले नाही. आज काय बोलणार होते? तुझ्या धुण्यानं आणि पूजेनंच चाक खाल्लं म्हणून? मी भिरकावलेला पाना उचलायला गेले. तर तीच म्हणाली,

"कुकू पुसायचे ते, मला ठावं व्हतं. म्हणून तर मी आत लई येळ लावायची. पुसून पुढं काय करायचे, ते कधी पायलं न्हाई."

"तेल सोडायचे," मी म्हणाले.

ती ओट्यावरून उतरून चाकाशी आली. मग माझ्याशी नाही, सायकलशी बोलल्यासारखं म्हणाली, "मला सांगायचं व्हतं की, राव."

मला रडू आलं आणि तुम्हा दोघांचा रागही आला. इतका एकमेकांचा मान राखलात, आणि त्यात चाक गेलं.

मग कटर घेऊन सगळ्या तारा तोडल्या. हब आणि रिम तुमचीच ठेवली. नव्या तारा ओवल्या, एकेक निपल तेलात बुडवून चढवली. तेलाची वाटी आईनं धरली होती. संध्याकाळी ती घास घेऊन आली, चाक कुठेही घासलं नाही. येत्या खंडेनवमीला तेल ती स्वतः घालणार, असं तिनं बजावलंय.

हा कागद कुठे जायचा नाही, हाताचं काळं तेल पुसायला कामी येईल. पण एक सांगायचं राहिलंय. तुमच्या हातची एकही तार आता त्या चाकात नाही. आईला मी हे सरळ सांगून टाकलं. तुम्हाला सांगायला मात्र दिवसभर जीभ रेटेना.